फुसाए कुरामोचीचा हार्प्सिकॉर्ड कोणाकडे जाईल

मी, फुसाए कुरामोची, वय ७१, मूळ गाव मात्सुमोतो, गेली चव्वेचाळीस वर्षे राहणार हेग, व्यवसाय हार्प्सिकॉर्डवादन (म्हणजे पियानोच्या थोरल्या चुलत्याचे), हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघ्यांचा दाखला सुदैवाने कोणी मागितला नाही.

१. घर भाड्याचे आहे. भांडणाचा प्रश्नच मिटला.

२. हार्प्सिकॉर्ड वाहून नेणारी माझी व्हॅन चेलोवादक योरिस याला. ईस्टरच्या आधी गावोगावच्या चर्चमध्ये येशूच्या यातनांचे संगीत असते, तेव्हा पहिले बोलावणे मला यायचे. माझ्या बोटांमुळे, असे मी समजत होते. एका वर्षी व्हॅन बिघडली आणि बोलावणीही थांबली. असो.

३. सूर लावायची किल्ली बासरीवाली रेन्स्के हिला. मी सूर लावत असताना ती अकरा वर्षे शेजारी बसून चीज-पाव खात गप्पा मारत राहिली. आता स्वतः लावून बघावे.

४. हार्प्सिकॉर्ड माझी थोरली बहीण तोयोको हिला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

घरात पियानो एक आणि शिकवणीची ऐपत एकीपुरतीच. बाबांनी आम्हा दोघींना भिंतीकडे तोंड करून बसवले आणि एकेक कळ दाबली. मी प्रत्येक स्वराचे नाव बिनचूक सांगितले. ताईला नावे सांगता येईनात, पण ऐकलेली धून ती कुठल्याही पट्टीत वाजवून दाखवायची. बाबांनी मला निवडले. ताई शेवयांच्या दुकानात बसली.

हेगला आले तर जुन्या संगीताची पट्टी अर्धा स्वर खाली! बोट एका कळीवर, कानाला ऐकू येई शेजारच्या कळीचा स्वर. लहानपणापासून स्वरांची नावे घोकलेल्या आम्हा सगळ्या जपानी मुलींची तीच गत. वर्षभर चुकत आणि रडत होते. गुरुजी म्हणाले, "फुसाए, तुझा कान फार पढलेला आहे. स्वरांची नावं न येणारं कोणी घरी आहे का? त्यालाच पाठवायचं होतं."

सगळे हसले. मीही हसले. "आहे," असे मात्र म्हणाले नाही.

ताई दर फोनला म्हणते, "माझ्यात ते नव्हतंच, तुझ्यात होतं." आणि मी नुसते "हं" म्हणते. याची मला लाज वाटते. ताई, तुझ्यात होतं.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचे असते, असे नोटरीबाईंनी बजावले होते. तरी मी कलम ४ काल ताईला फोनवर वाचून दाखवले. ती मग म्हणाली, "आणि मी काय, तू मरायची वाट बघत बसू?"

सबब कलम ४ आजपासून लागू. हार्प्सिकॉर्ड पुढच्या गुरुवारी जहाजाने निघतो.

सही: फुसाए कुरामोची

साक्षीदार: हिल्दे फान डेर स्टेख, शेजारीण
क्लास नाउता, निवृत्त पोस्टमन

हेग, ९ मार्च २०२३