दादाच्या कागदाची डावी बाजू

विश्रामबाग, सांगली
९ ऑक्टोबर १९७४

चि. सौ. क्षमा हिला गोदूताईचे आशीर्वाद.

तुझी कंबर, गंगाधररावांचा खोकला आणि तुझ्या सासूबाईंचं अंथरूण या तिन्हींची एकदमच चौकशी करते, म्हणजे उत्तरही एकदम देता येईल. आमच्याकडे सगळं जसं असायचं तसं आहे. गणपतीत तू आलीस, दादाच्या खुर्चीशेजारी खिडकीपाशी बसलीस, तो तुझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि त्याच संध्याकाळी तू एस.टी.नं साताऱ्याला परत गेलीस. मागोमाग कार्ड आलं, की त्याच्या आजारपणात तुला येता आलं नाही याचा राग त्यानं धरला आहे, आणि आता तो स्वतः बोलावील तेव्हाच तू आमचा उंबरा ओलांडशील. तुझी समजूत काढायला मी हे पत्र लिहीत नाही. समजुती काढायचं काम मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा सोडलं (त्याआधीही फारसं केलं नव्हतं, हे माझ्या विद्यार्थिनी आनंदानं सांगतील). मी लिहिते आहे ते टाइपरायटरच्या समासाबद्दल.

अर्धांगाच्या झटक्यात दादाचा डावा हात गेला, पण उजवा राहिला. एका हातानं टाइप करीन म्हणाला. डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि लोकांचे अर्ज पुन्हा ओसरीवर येऊ लागले. तुला यंत्र ठाऊक आहे: मागे मोजपट्टी, तिच्यावर दोन खटके, आणि डावा खटका जिथं लावाल तिथून ओळ सुरू. दादाचा समास जन्मभर चार बोटांचा, साहेबाच्या शेऱ्यापुरता. (माझ्या कॉलेजातल्या निबंधांचा मजकूर त्यानं कधी वाचला नाही, समास मात्र बोटं लावून मोजले.) तर हा डावा खटका उजवीकडे सरकू लागला. रोज थोडा. संध्याकाळी मी तो जागेवर आणायची, सकाळी दादा पुन्हा सरकवायचा आणि वर मलाच विचारायचा, की माझ्या यंत्राला हात कोण लावतं. मी म्हटलं, अर्धा कागद कोरा जातो आहे. तो म्हणाला, कागद इथूनच तर सुरू होतो. म्हातारपणीचा हट्ट, असं मी ठरवून टाकलं.

पहिला सापडला जतचा बिराप्पा. विहिरीवर वीज मिळावी म्हणून त्याचा एका पानाचा अर्ज, तो तीन पानं झाला, आणि ओळीत शब्द चार. आता हा भांडायला येणार म्हणून मी तयारीत होते. आला तो नारळ घेऊन. कचेरीतल्या कारकुनाला शेरे मारायला इतकी ऐसपैस जागा आयुष्यात मिळाली नव्हती. त्यानं जागा आहे म्हणून शेरा मारला, साहेबानं त्याखाली मारला, आणि अर्ज मंजूर. ही बातमी जत तालुक्यात वीज पोचण्याआधी पोचली. ओसरीवर रांग लागली, सगळ्यांना ‘दादांचा समास’ हवा. तोवर ओळ दोन शब्दांवर आली होती. तासगावच्या आकारामनं आपला अर्ज उभा धरून पाहिला आणि म्हणाला, “आवं ताई, ह्यो अर्ज हाय का धोतराचा काठ?” सगळे हसले. दादाही हसला. मी हसले नाही, कारण त्याच दिवशी जेवणावरून आमची जुंपली होती.

ताटात चटणी नाही, लिंबू नाही, मीठसुद्धा नाही, ही त्याची तक्रार बरेच दिवस चालू होती. मी बोट दाखवून दिलं की म्हणायचा, आत्ता वाढलंस. ज्या बाईनं हयातभर डावी-उजवी बाजू चुकू न देता ताट वाढलं, तिला हे ऐकवणं म्हणजे काय, ते तूच समज. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांपुढे मी त्याच्या स्वभावाची रीतसर तक्रार मांडली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की डोळे उत्तम आहेत, स्वभावही ठीक आहे, पण झटक्यापासून त्याच्या मेंदूला डावी बाजू उरलेली नाही. तिकडचं दिसलं-ऐकू आलं तरी ती आहे हे त्याला कळत नाही, म्हणून ती गेली हेही कळत नाही. जेवताना ताट फिरवत जा, म्हणाले.

घरी येऊन मी निम्म्या जेवणात ताट फिरवलं. दादा म्हणाला, “आज चटणी केलीस होय गं? छान झालीय.” एवढ्या वर्षांत त्यानं चटणीला छान म्हटलेलं हे पहिल्यांदा. मला गॅसवर काही नसताना आत जावं लागलं.

हल्ली मी खटका मागे आणत नाही. तो लावील तिथून त्याचा कागद सुरू.

खिडकी त्याच्या डाव्या हाताला आहे, क्षमा. तू डावीकडे बसली होतीस. राग असता तर मी तुझ्याआधी त्याला झापलं असतं. भाऊबीजेला यायचं तर ये, नाही तर नको, मी आग्रह करत नाही.

तुझी
गोदूताई

ता.क. त्यानं स्वतः बोलवावं अशी तुझी अट आहे. त्याचं म्हणणं वेगळंच आहे. काल ओसरीवर आकारामला सांगत होता, “धाकटी बहीण साताऱ्यात असते. गणपतीलासुद्धा आली नाही. आमच्यावर रागावली असेल.” तू आली होतीस हे मी त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर आपल्याला ती दिसली कशी नाही, हे तो मलाच विचारील.

दुसरा ता.क. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून आणखीही सांगितलं. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. भाऊबीजेचं राहू दे. पत्र मिळेल त्या दिवशीची गाडी धर, आणि उजवीकडे येऊन बस.