बैलाच्या ढालीखालची पोर

३ मार्च
पोचलो एकदाचे ख्राइस्टचर्चला! नवऱ्याला, म्हणजे प्रसादला, तिकडे उत्तरेत, पापाटोएटोत, त्याच्या नव्या बाईसकट सोडून आले. बसू दे तिथेच. मी, सहा वर्षांची स्वरदा आणि चार बॅगा. इथल्या हॉर्नबी उपनगरात दोन खोल्या मिळाल्या, आणि जुन्या रंगीत काचा दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये नोकरी. मालक वॉल्टर म्हातारा आहे, तुसडा आहे, पण कामाला पक्का. स्वरदाने घर बघून इथल्या पोरांसारखं ‘स्वीट अ‍ॅज’, म्हणजे एकदम झकास, म्हणत शिक्कामोर्तबही केलं.

११ मार्च
पहिलं मोठं काम. चारशे वर्षांपूर्वीची जर्मन काच. मधोमध पिवळ्या ढालीवर काळा बैल, वर शिरस्त्राण, त्यावर पुन्हा शिंगं. खानदानाचा तोरा केवढा! खाली आईबाप हात जोडून, गुडघे टेकून बसलेत, मागे ओळीने पोरं. शेवटच्या पोरीचा चेहरा भूकंपात फुटलाय. डोक्यावरचा लाल क्रूस तेवढा शाबूत. वॉल्टर म्हणाला, तिथे कोरी काच बसव, मनाने चेहरा काढायचा नाही, या कामात तसा नियम आहे. तो बाहेरगावी गेला आणि मी स्वरदाचाच चेहरा काढून, भट्टीत भाजून तिथे बसवला. बापाने टाकली तर टाकली, म्हटलं, एवढ्या मोठ्या घराण्यात बसेल माझी लेक. हुबेहूब जमलाय, डोळे तर अस्से टपोरे!

१५ मार्च
वॉल्टर परतला आणि भडकला. मीही ऐकून घेतलं नाही. मग खाली बसून त्याने हळूच विचारलं, क्रूस दिसला नाही का? मी म्हटलं, ख्रिश्चन माणसं, क्रूस असणारच. तो म्हणाला, मग बाकीच्यांवर का नाही? काच घडवण्याआधी जे मूल गेलेलं असे, त्याच्याच डोक्यावर ही माणसं क्रूस काढायची.
काम तसंच टाकून निघाले. घरी आले तर स्वरदाला ताप.

१७ मार्च
ताप हटत नाही. हॉस्पिटलात ठेवलंय. डॉक्टरांना काही सापडत नाही. नाक मुठीत धरून प्रसादला फोन केला. आल्याआल्या म्हणाला, पोर सांभाळता येत नव्हती तर नेलीस कशाला. मेल्या, तू कोण विचारणारा!
वर्कशॉपमध्ये जाऊन काच पाहिली. मी डोळे उघडे काढले होते. आता मिटलेत.

१८ मार्च
काचा जोडणारं शिसं कापलं, तरी तो तुकडा निघत नाही. वॉल्टरने ओढून पाहिला — म्हणतो, आतून कुणीतरी धरलाय. काचेतल्या त्या आईने हात जोडले होते ना — आता एक हात पोरीच्या खांद्यावर —
माझी आहे ती. माझी, सटवे.

पुन्हा १८
हॉस्पिटलातून प्रसादचा फोन. श्वास लागलाय तिला. हातोडी घेतली. वॉल्टर नको नको म्हणत होता — घातली चेहऱ्यावर —
फुटला!
परत प्रसाद. रडतोय. ताप उतरला म्हणतो, डोळे उघडले — देवा, देवा — मग विचारतो, तू काय केलंस तिथे? नर्स तिच्या गालातून काचा —