आरसा का पाठवला नाही, त्याची हकिगत

तीर्थरूप ताईंस,

सविनय नमस्कार. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा करतो. माझे बरे आहे. धाकटी गेल्यापासून (तुमची धाकटी बहीण, म्हणून मीही तसेच लिहितो) मी स्वयंपाक शिकलो आहे. तो खायला शिकणे अजून बाकी आहे.

तुमच्या आईचा आरसा तुम्ही मागितलात, ते रास्तच आहे. म्हणून परवा तो भिंतीवरून उतरवला आणि पार्सल कचेरीकडे निघालो. टॅक्सीवाल्याने आरशात पाहून निवांत भांग पाडला आणि मग काच नेत नाही म्हणून सांगितले. तेव्हा पायीच निघालो.

चूक इथे झाली. काचेला बोट लागू द्यायचे नाही हा धाकटीचा दंडक, म्हणून मी आरशाची पाठ माझ्याकडे आणि तोंड लोकांकडे ठेवले. त्यामागे मी गळ्यापासून गुडघ्यापर्यंत नाहीसा झालो. समोरून येणाऱ्याला वाटे, कोणी अंगावर येत आहे. तो बाजूला सरके, तर समोरचाही त्याच बाजूला सरके. एक जाडे गृहस्थ असे बराच वेळ सरकत राहिले आणि शेवटी, अहो, जरा बघून चाला, असे स्वतःलाच बजावून गेले. दोन मुलींनी मला थांबवून केस सारखे केले. (वर "काका, थोडं खाली धरा" अशी सूचना. धरला.) एक कुत्रा आतल्या कुत्र्याशी भांडत कचेरीपर्यंत आला. त्याला माघार घेणारा कोणी भेटेना. लोकांना आरसा दाखवणे हा मी आजवर पुस्तकातला वाक्प्रचार समजत होतो. त्यात दंड इतके भरून येतात याची कल्पना नव्हती.

कचेरीतल्या कारकुनाने आधी दातातले काहीतरी काढले, मग नवा की वापरलेला ते विचारले. वापरलेला, म्हणालो.

"कोण वापरतं?"

साधा प्रश्न होता. मागे रांग वाढली. (रांगेची तक्रार नव्हती. आरसा एव्हाना त्यांच्याकडे वळला होता आणि सगळे त्यात पाहत होते.) शेवटी आज राहू द्या म्हणालो आणि परत फिरलो.

येताना आरशाचे तोंड माझ्याकडे होते. तेव्हा दिसले की शर्टाची बटणे एकेक काज चुकली आहेत. पूर्वी हे मला दारातच सांगितले जाई.

सुताराला बोलावून आरसा पुन्हा टांगला. तो म्हणाला, साहेब, तुमचं डोकंच दिसत नाही, वीतभर वर घेऊ या. मी नको म्हणालो. तिच्या मापाचा आहे, तिथेच असू दे. दाढी मी गुडघे वाकवून करतो.

एकंदरीत आरसा या खेपेस पाठवता आला नाही. शिवाय त्याला कोपऱ्यात डाग पडला आहे आणि त्यात माणूस जाड दिसतो. तुम्हाला आवडणार नाही.

आपला नम्र,
धाकटीचे यजमान

ता. क. डाग आत्ता पुसून पाहिला, निघाला. जाडही दिसत नाही.

ता. क. २. ताई, आरसा इथेच राहू द्याल का? बदल्यात तिचे शिलाई मशीन न्या. उत्तम चालते.

ता. क. ३. मशीनही राहू द्या. दुसरे काय देता येईल ते पाहतो आहे. सकाळपासून घरभर फिरलो, अजून काही सापडले नाही.