जनाज्याच्या नमाजीनंतर

मेहरबान अल्लाहच्या नावाने. मी तावुस, शेख अर्झकी यांची मुलगी, राहणार इघिल-उझरू, जुर्जुरा डोंगर, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. लिहावं म्हणून माझ्यावर कोणाचं दडपण नाही. लिहू नये म्हणून मात्र आहे.

काल जुम्याच्या नमाजीनंतर, खिंड राखायला जाणाऱ्या आम्हा सर्वांवर गावाने मेलेल्यांवर पढतात ती जनाज्याची नमाज जिवंतपणीच पढली. तसा रिवाज आहे. फ्रेंच फौज वर येईल तेव्हा आम्ही गुडघ्याला गुडघा दोराने बांधून बसू, म्हणजे कोणाला पळता येणार नाही. आणि नमाज आधीच झाली की मागे वळून बघायला काही उरत नाही. वाद त्यावरूनच उभा राहिला आहे, म्हणून आधी तो लिहिते.

बाबांचे धाकटे भाऊ बेलकासम काका आज सकाळी अंगणात आले.

"तावुस पोरी, नमाज झाली तुझी. मेलेल्या बाईला घर कशाला लागतं? चावी दे."

"मेलेल्या बाईशी बोलताय कशाला, काका?"

"जीभ बापाची घेतलीस."

"घरही बापानंच दिलंय."

हे घर मला वारशाने आलेलं नाही. मुलींना वारसा नाही असा आमच्या पंचायतीचा ठराव आहे. तो कुराणाच्या विरुद्ध आहे, असं बाबांनी पंचांना तोंडावर सांगितलं आणि ते एकटे पडले. मग त्यांनी मदरशाच्या सी लुनीस उस्तादांना घरी बोलावलं आणि त्यांच्यासमोर घर मला बक्षीस दिलं. म्हणाले, "वारसा देऊ नका म्हणतात, भेट देऊ नका असं कुठं म्हणाले?" याच घरात बाबांनी मला अक्षरं शिकवली, आधी यम्माच्या, माझ्या आईच्या, चुलीपाशी, नंतर मुलांच्या वर्गामागच्या भिंतीआड बसवून. गेल्या उन्हाळ्यात ते खिंडीत लढताना पडले, तेव्हा माणसं याच अंगणात जमली आणि आता दुआ कोण करणार असं विचारू लागली. कोणीच पुढे होईना, म्हणून मी केली. तेव्हापासून पिकल्या दाढीची माणसंही मला मानाने लल्ला, म्हणजे बाईसाहेब, म्हणतात आणि मी सांगेन तिथे मोर्चा लावतात.

काकांना हे घर राहायला नको आहे. अंगणातून खिंडीची सगळी वाट दिसते. फ्रेंच कप्तान इथे चौकी बसवणार आणि बदल्यात काकांना गावचं प्रमुख करणार, असं बाजारात ठरलं आहे. काकांनी ते नाकारलं नाही. "निदान अंजिराची झाडं तरी फ्रेंच तोडणार नाहीत मग," एवढंच म्हणाले. झाडांसाठी माझाही जीव तुटतो. तरी चौकी होऊ देणार नाही.

शरियत अशी: मरणाऱ्याला तिसऱ्या हिश्श्यापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही, बाकीचं वारसांचं. जिवंत, धडधाकट माणूस मात्र आपलं सगळं वक्फ, म्हणजे अल्लाहच्या नावाने कायमचं दान, करू शकतो. तेव्हा मी काल मेले की नाही, यावर हे घर अडलं होतं. दुपारी पंचायतीत तेच विचारलं गेलं. नमाज सी लुनीस उस्तादांनी पढवली होती. ते काठी टेकत उठले.

"मला काय विचारता? चार वेळा अल्लाहु अकबर म्हणायचं, मी तिसऱ्या तकबिरीलाच सलाम फिरवून नमाज संपवत होतो. मय्यतीनंच, या मेलेल्या पोरीनंच, मागून सांगितलं, उस्ताद, चौथी राहिली. उभा जन्म जनाजे पढवले, पण माझी चूक काढणारी मय्यत कालच भेटली."

पंच हसले आणि मी जिवंत ठरले. काकाही हसले, हे नमूद करते. बाईने इमामाची चूक टाळी वाजवून दाखवावी, बोलून नव्हे, हे मला ठाऊक आहे. माझ्या दोन्ही हातांत खिंडीत न्यायचा दोर होता.

तेव्हा जिवंतपणी लिहून देते की हे घर, झऱ्याकडचं अंगण आणि बाबांचे ग्रंथ मी आजपासून मुलींच्या शिकण्यासाठी वक्फ केले आहेत. चावी माझी सर्वांत मोठी विद्यार्थिनी शाब्हा हिच्याकडे दिली. यम्मा मामाकडे गेली. मीही आज इथे झोपणार नाही, नाहीतर ताबा सोडला नाही असं कोणी म्हणेल.

खेचर आणि माझ्या नावची अंजिराची झाडं वक्फात नाहीत. त्यांत यम्माचा आणि काकांचा जो हिस्सा अल्लाहने ठरवला तो त्यांना मिळावा. काकांना एक अंजीरही कमी देऊ नये. कमी द्यायचं मन होतं, पण तसा मला हक्क नाही.

बाबांची बंदूक बक्षिसात नव्हती. गावाच्या ठरावाने ती काकांची होते. मी ती न विचारता वापरते आहे. काकांनी खिंडीत येऊन घेऊन जावी. ते आले तर माझ्या शेजारी जागा करून देईन.

अंगावरची लोकरी शाल शेजारच्या हनीफाची आहे. रक्त लागलं असेल तर धुऊन द्यावी. माझे राहिलेले रोजे फेडून झाले नाहीत, यम्माने त्यांबद्दल गरिबांना जेवू घालावं. मला पडेन तिथेच, आहे त्या कपड्यांत पुरावं. वर घुमट बांधू नये, चिंध्या बांधून नवस करू नयेत.

वक्फाची एक अट आहे. जनाज्याची नमाज झालेला माणूस खिंडीतून जिवंत परतला तर गाव त्याला भाकरी देत नाही, आई दार उघडत नाही. मागच्या लढाईनंतर उआली असाच ओढ्यापलीकडे राहून मेला. त्याचा पाय तुटला होता, तो पळाला नव्हता, आणि पळाला असता तरीही त्याला भाकरी नाकारायला नको होती. यापुढे अशा माणसाला या घरात भाकरी, तेल आणि निजायला जागा मिळेल. तू का मेला नाहीस, असं त्याला इथे कोणी विचारणार नाही. पंचांना हे मान्य नाही. त्यांना मला थांबवायचं असेल तर उद्या खिंडीत बोलावं.

मी स्वतः परतले तर घर मागणार नाही. दार वाजवीन. उघडायचं की नाही, ते शाब्हाने ठरवावं.

इघिल-उझरू, शव्वाल महिना, हिजरी १२७३.

साक्षीदार: सी लुनीस, जनाज्याची नमाज पढवणारा.
साक्षीदार: इद्दीर, दोरात माझ्या डाव्या हाताला बसणारा. त्याचं म्हणणं, "मेलेल्याची सही चालत नसेल, तर अंगठा घ्या."
साक्षीदार: हनीफा, शालीची मालकीण.

बेलकासम काकांना सही मागितली. ते म्हणाले, "मेलेल्यांच्या कागदावर मी सही करत नाही." मी म्हटलं, मग उद्या मला खांदा द्यायला या.

सही: तावुस, शेख अर्झकींची मुलगी, हयात.