वळणावरचा हॉर्न

१४ मार्च, दुपार

प्रिय बुटके,

आधी खुशाली. बरी आहेस ना? घरचे सगळे बरे? मेहुण्यांची पाठ सरळ झाली, की अजून खुर्चीसकट उठतात? मी मजेत आहे. हे ‘मजेत’ पुढच्या पानावर जरा पातळ होणार आहे, पण पहिल्या ओळीत ते घट्टच असावं लागतं. एवढा शिष्टाचार संस्कृत शिकलेल्या माणसाला पाळावाच लागतो.

तू माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीस त्याच वर्षी तुला बुटकी म्हणायचा माझा हक्क संपला, हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या कुठल्या नावानं तुला लिहायला बसलो तर पेन उचलत नाही.

आठवड्यातून चार-पाच वेळा जी बाई दिसते तिला पत्र लिहिणारा माणूस जगात मी एकटाच असेन. मात्र गेल्या काही खेपा मी तुला दिसलो नाही. माझ्या जागी जो जाडजूड, अखंड बोलणारा ड्रायव्हर येतो, त्याच्याच हाती हे पत्र देतो आहे. तो म्हणाला, तू त्याला विचारलंस: “आधीचे आजारी आहेत का?” आधीचे! सख्ख्या भावाला इतक्या लांबून कुणी चिमटा काढला नसेल. पण विचारलंस खरं. ते ऐकून मी त्याला दोनदा चहा पाजला, आणि दोन्ही वेळा तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवायला लावलं.

तर, आधीचे आजारी नाहीत. त्याबद्दल सांगतो. आधी दुसरं सांगतो.

परवा स्वप्नात अप्पा गाडी चालवत होते. तू नेहमीसारखी पुढे त्यांच्या शेजारी, पाय डॅशबोर्डला टेकवून. मी मागे, मांडीवर पुस्तक घेऊन संस्कृतची रूपं पाठ करत. अप्पा म्हणायचे ना, “पुढे सारथी, मागे पंडित, मी आपला नुसता घोडा.” स्वप्नात रस्ता संपतच नव्हता. डोंगरातलं शहर मागे पडलं होतं, समुद्राकाठचं शहर येत नव्हतं, आणि मध्ये कुठेतरी पडकं शहर लागायचं, संपायचं, पुन्हा लागायचं. प्रवासी सगळे झोपलेले. अप्पांनी वळणावर नेहमीसारखा हॉर्न दिला, एक लांब, एक आखूड, म्हणजे ‘उठा, अवशेष आले’. कुणीही उठलं नाही. मग तू मागे वळून मला म्हणालीस, “तू तरी ऊठ.” आणि मी उठलो. स्वयंपाकघरात कुकर बोंबलत होता.

अप्पांची ती शेवटच्या वर्षातली योजना मला अलीकडे फार आठवते. एकानंच सगळा रस्ता चालवायचा, मग परक्या गावी लॉजमध्ये निजायचं, हे त्यांनी जन्मभर केलं. तुझं लग्न समुद्राकाठी झालं, मी डोंगरात राहिलो, तेव्हा त्यांनी टॅक्सी कंपनीच्या मालकांना पटवलं की दोघांना अर्धा अर्धा रस्ता द्या. पडक्या शहरात प्रवासी बदला. तोवर त्यांना खांब, कमानी, कोरडं तळं दाखवा. त्यांना तो प्रेक्षणीय थांबा वाटेल, आणि पोरं आपापल्या घरी जेवायला पोचतील. मालकांना वाटलं, म्हातारा रस्त्याचं बघतोय. म्हातारा रस्त्याचं बघतच नव्हता. आपल्या दोघांना जबरदस्तीनं एका जागी उभं करायची सोय करून तो गेला.

आणि आपण काय केलं? मी म्हणालो, त्यांची जुनी गाडी विकू. तू म्हणालीस, नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडीही नव्हती आणि तूही नव्हतीस. अबोल्याला एवढं कारण पुरतं. पुढे तो आपला आपण वाढतो, त्याला खतपाणी लागत नाही.

तरी मी म्हणेन, आपला अबोला हा बोलका होता. मी प्रवाशांना सांगायचो, “काका, त्या बाईंना सांगा, तुमच्या तपकिरी बॅगेचं चाक मोडकं आहे.” आणि तू तीन हातांवरून, “काका, त्या गृहस्थांना सांगा, मला डोळे आहेत.” बिचारे काका एकदा इकडे बघायचे, एकदा तिकडे. त्यांना वाटत असेल, ही इथली प्राचीन परंपरा असावी. एका बाईंनी तर आपला फोटो काढला होता. त्यात आपण दोघं दोन गाड्यांना टेकून, एकमेकांकडे पाठ करून उभे, आणि मध्ये ती मोडकी कमान. फोटो त्यांनी मला पाठवला. चांगला आलाय. दोघांचीही पोटं सुटली आहेत.

आता ऐक. मालकांनी तुला सांगितलं असेलच, नवा रस्ता पुढच्या महिन्यात सुरू होतोय. तो पडक्या शहराला बगल देऊन सरळ जातो. म्हणजे एकच गाडी, एकच ड्रायव्हर, अदलाबदल नाही. जेवायच्या आत घरी परतता येईल इतका तो झटपट आहे म्हणे. मला हे कळलं त्या दिवशी मी तुझ्याशी बोलायचं ठरवलं. स्वतःहून, कुठल्याही काकांना मध्ये न घालता.

दुपार होती. वारा होता, धूळ होती, उन्हाला तो ताकासारखा पांढुरकेपणा आला होता. तू नेहमीच्या जागी बसली होतीस, कमानीच्या खालच्या पायरीवर, माझ्याकडे पाठ करून, ती मोहरीच्या रंगाची शाल डोक्यावरून घेऊन. मी थर्मास उचलला, येऊन शेजारी बसलो. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडली, कारण सवय. समोर बघत राहिलो, तीही सवय. कपात चहा ओतला आणि तुझ्याकडे सरकवला. तू घेतलास. मला इतकं बरं वाटलं की मी बोलत सुटलो. काय बोललो ते शेवटी सांगतो. बराच वेळ बोललो. तू ऐकून घेतलंस, मध्ये एकदाही टोमणा मारला नाहीस, तिथेच खरं म्हणजे मला शंका यायला हवी होती.

माझं संपल्यावर अनोळखी आवाज आला. “अहो, मी तुमची कुणी नाही. त्या ड्रायव्हरबाईंनी वारा फार म्हणून मला शाल दिली.”

तुझी प्रवासी होती ती. आणि तू गाडीच्या डिकीत डोकं घालून तिचं सामान काढत होतीस. मग तू डोकं वर काढलंस आणि एका आजोबांकरवी निरोप धाडलास: “त्या गृहस्थांना सांगा, प्रवाशांना एकटं बसू द्यावं.” बुटके, तुला काय वाटलं ते मला तेव्हाच कळलं. इतकी वर्षं आपल्याकडे मान न वळवणारा माणूस एका परक्या बाईला चहा पाजतोय, गप्पा मारतोय. जाताना तू गाडीचं दार आपटलंस. ते दार तू कधी आपटत नाहीस, अप्पा ओरडायचे.

त्या बाई माझ्या गाडीत बसल्या, त्यांना डोंगराकडे यायचं होतं. मी किल्ली फिरवणार, तोच म्हणाल्या, “थांबा. शेजारी बसलेल्या बाईचा चेहरा तुम्हाला ओळखू आला नाही. पुढचा ट्रक येईल का?” मी म्हणालो, ऊन डोळ्यावर होतं. त्या म्हणाल्या, ऊन आपल्या पाठीमागे होतं. मग त्यांनी हात पुढे केला आणि मी, का कोण जाणे, किल्ली त्यात ठेवली. उरलेला रस्ता प्रवाशानं ड्रायव्हरला पोचवलं. मालकांना हे सांगू नकोस. ते दोघांकडूनही भाडं घेतील.

मी मागच्या सीटवर बसलो. पोरवयानंतर पहिल्यांदा. खिडकीला कपाळ लावलं. तो रस्ता चालवताना मला कधी दिसलाच नव्हता. झाडं येत होती, विरघळत होती, एक पांढरी भिंत बराच वेळ बरोबर धावली आणि मग कंटाळून मागे राहिली. ओठांवर आपोआप जुनी रूपं आली. मध्येच डोळा लागला. जाग आली तेव्हा संध्याकाळ होती, पुढे कुणीतरी गाडी चालवत होतं, आणि क्षणभर माझी सगळी माणसं जिवंत होती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे दुसऱ्याच दिवशी गेलो. तर ‘मजेत’ इथे पातळ होतं. मला ऐन मधलं दिसेनासं होत चाललंय, कडेचं तेवढं शाबूत आहे. ज्याच्याकडे बघावं तिथे धुकं, आणि ज्याच्याकडे बघत नाही ते जरा दिसतं. कडेनं रंग कळतात, हालचाल कळते, चेहरा कळत नाही. पूर्ण अंधार होणार नाही म्हणाल्या, पण सुधारणारही नाही. गाडी बंद, त्याच दिवसापासून. मी त्यांना म्हणालो, सगळी वर्षं मी बहिणीकडे न बघण्याचा सराव केलाय, माझं अडणार नाही. त्यांना विनोद कळला नाही. घरी येईपर्यंत मलाही कळेनासा झाला.

तुझ्या वहिनीला अजून निम्मंच सांगितलंय. तुला आधी पूर्ण सांगतोय, का ते विचारू नकोस. मोठं झाल्यावरही मार लागला की माणूस आधी कुणाला दाखवतो, ते वयावर नसतं.

आता वाईटातलं गमतीचं. गाडी सोडल्यावर मी बसनं पडक्या शहरात गेलो. सहज, हात रिकामे म्हणून. आणि काय सांगू, ते पडकं राहिलेलं नाही. खांबांच्या मधल्या फटी मला दिसत नाहीत, म्हणून भिंत सलग झाली आहे. कमानीचा तुटलेला भाग धुक्यात जातो आणि पलीकडे ती पुन्हा निघते, म्हणजे पूर्णच. कोरड्या तळ्यात दुपारी काहीतरी हलतं; सावली असेल, मी पाणी समजतो. इतकी वर्षं प्रवाशांना “इथे छप्पर होतं अशी कल्पना करा” असं सांगत आलो, आणि कल्पना कुणालाच करता येत नव्हती, मला तर मुळीच नाही. आता छप्पर आहे. मी त्याखाली बसतो.

तिकीटखिडकीतल्या बाईंनी मला एक खुर्ची दिली आहे. येणाऱ्यांना माहिती सांगायला कुणीतरी हवंच होतं, त्यांचा आधीचा माणूस मुलाकडे राहायला गेला. दगड मला हातानं पाठ आहेत. पुढच्या महिन्यापासून मी रोज तिथे असेन. जुन्या रस्त्याची बस चालू राहणार आहे.

आणि मालकांनी विचारलं, नव्या रस्त्यावर पूर्ण खेप कोण करेल, तर मी तुझं नाव सांगितलं. उपकार म्हणून नव्हे. अप्पांनी सारथी तुलाच म्हटलं होतं, मला ऐकू आलं होतं. मालक म्हणाले, तो थांबा आता ऐच्छिक. अवशेषांकडे वळायचं की सरळ जायचं, ते ड्रायव्हरनं बघावं. प्रवासी तर ‘लवकर पोचवा’ म्हणणारच.

म्हणजे बुटके, आता ते तुझ्यावर आहे. आजवर आपण भेटायचो ते अप्पांच्या हुकमानं. पुढे हुकूम नाही.

त्या परक्या बाईंना मी काय म्हणालो, ते सांगायचं राहिलं. बाकीचा पाल्हाळ होता. पंडिताला प्रस्तावना लागते. मुख्य वाक्य एकच होतं. मी म्हणालो, “हा थांबा बंद झाला, की मी तुला कुठे बघायचं?”

तेव्हा डोळ्यांचं मला काही माहीत नव्हतं. आता ते वाक्य मलाच जरा हसतं आहे. तरी बदलत नाही.

एक काम कर. नव्या रस्त्याला पडक्या शहराचा फाटा ठेवला आहे, पाटी लहान आहे पण आहे. तिथे वळायचं असेल तर वळणावर हॉर्न दे, अप्पांसारखा, एक लांब, एक आखूड. गाड्या मला आता सगळ्या सारख्याच दिसतात, पण तो बसलेल्या घशाचा हॉर्न एकाच गाडीचा आहे, आणि ती गाडी कुणीतरी विकू दिली नाही. ऐकला की मी उठून चहा ओतीन. या खेपेला शेजारी कोण आहे ते आधी विचारीन.

आणि सरळ जाणार असशील, तर त्याचाही राग नाही. तेव्हा मात्र हॉर्न वाजवू नकोस. मी समजेन, कुणाचीतरी गाडी गेली.

छपराखाली बसलेला,
तुझा आधीचा
दादा