एरी सरोवर, रेडिओवर

२ मार्च १९७१, मंगळवार. सकाळी.
रेकॉर्डी आल्या! पेटीभर. छोट्या, काळ्याभोर. एका बाजूला मी, लेस्टर हाल्डेन, निवृत्त शिक्षक, माझी ‘हे एरी’ ही कविता म्हणतो आहे. मागे चर्चचा ऑर्गन. दुसऱ्या बाजूलाही मीच, पण सावकाश.
निश्चय: महिन्याभरात टोलीडो शहरातल्या प्रत्येक कार्ट्याच्या तोंडी ही कविता. हल्ली गाण्याला लागतं काय? बोंबलता आलं की झालं. यमक कशाशी खातात ते कळू दे त्यांना.
विनीला ऐकवली. (विनी म्हणजे धाकटी बहीण. माझ्याकडेच राहते.) म्हणाली, आधी ती खिडकी लाव, सरोवराकडून मेलेल्या माशांचा वास येतोय. लहानपणी वडिलांच्या होडीतून वाकून, ओंजळीने प्यायचो आम्ही हे पाणी. विसरली ती. मी नाही विसरलो.

त्याच दिवशी, दुपारी.
मंगळवारी रेडिओ स्टेशन नव्या रेकॉर्डी घेतं. बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड कंपन्यांची माणसं बसलेली. रुंद टाय, मांडीवर डोनटचे खोके. मुख्याध्यापकांनी बोलावलेल्या पोरांसारखे चेहरे. आणि घाबरतात कुणाला? व्हर्ना कुख्टाला! माझ्याच वर्गातली विद्यार्थिनी. परवापरवापर्यंत एका मोठ्या दुकानाच्या तळघरात रेकॉर्डी विकत होती. आता ‘म्युझिक डायरेक्टर’. गाता येत नाही, वाजवता येत नाही. कुठलं गाणं हवेत जायचं आणि कुठलं कचऱ्यात, एवढंच ठरवते. तिने हो म्हटलं की डेट्रॉइटपासून क्लीव्हलंडपर्यंत सगळी स्टेशनं तेच गाणं लावतात म्हणे. मेंढरं!
मला सगळ्यांच्या आधी आत घेतलं. सर, बसा, म्हणाली. सिगारेट विझवली. (आदर शिल्लक आहे.) डोळे मिटून रेकॉर्ड ऐकली. तिसऱ्या ओळीला तिने ओठ चावला. गहिवर आवरत असणार. मग म्हणाली, सर, मी ही लावणार नाही. माझं ऐका, घरीच ठेवा.
उघड मत्सर आहे.

९ मार्च, मंगळवार.
नवी युक्ती. श्रोत्यांनी फोन करून गाणं मागितलं की स्टेशनला ते लावावंच लागतं. दिवसभर फोन केले. एकदा कॉलेजकुमार होऊन, एकदा पोलिश आजीबाई होऊन, एकदा नुसताच खोकणारा रसिक होऊन. आवाज इतके बेमालूम, की मलाच माझी ओळख पटेना.
शेवटच्या फोनला तिथली मुलगी म्हणाली, हाल्डेन सर, मिसेस कुख्टा विचारतायत, तुम्ही दुपारी जेवलात का?
हेर पेरलेत तिने.

१२ मार्च, शुक्रवार.
ईस्टरआधीचा उपासाचा शुक्रवार. मांस वर्ज्य, मासे चालतात. चर्चच्या हॉलमध्ये तळलेले मासे. (मासे बाहेरून मागवलेले. आपल्या सरोवरातले आता कुणी खात नाही. फॅशन!) स्टेशनचा मालक ओबरहोल्ट शेजारी बसला होता. संधी साधली. म्हटलं, तुझ्या नोकर बाईला जरा समज दे.
त्याने तोंड पुसलं. म्हणाला, लेस्टर, इमारत माझी, टॉवर माझा, पण गाणी तिची. गेल्या वर्षी माझ्या भाच्याचं गाणं लाव म्हणालो, तर तिने मलाच माझ्या ऑफिसबाहेर बसवून ठेवलं. मी विचारलं, मग? म्हणाला, मग काय, बरोबर होती ती. भाचा आता विमा विकतो. वजन वाढलंय.
हा मालक! कणा नावाची वस्तू नाही.
पण बोलता बोलता त्यानेच एक वाट दाखवली. रोज संध्याकाळी सातला ‘ठेवा की फोडा’ असतं. एक नवी रेकॉर्ड लावतात, लोक फोनवरून कौल देतात. ‘फोडा’वाले जास्त झाले, तर निवेदक रस्टी माईकसमोर हातोड्याने तिचे तुकडे करतो. रानटी प्रकार. पण कौल जनतेचा! तिथे या बाईला विचारतो कोण?

१६ मार्च, मंगळवार.
तोंडावर मागणी केली. व्हर्नाचा चेहरा उतरला. सर, नको, म्हणाली, त्या कार्यक्रमात एकदा रेकॉर्ड गेली की माझ्या हातात काही राहत नाही. मी म्हटलं, घाबरलीस! म्हणाली, हो, घाबरले. दुकानात होते तेव्हा मी गाणी ऐकायचे नाही, पोरांचे हात बघायचे. रेकॉर्ड कशी उचलतात, कशी खाली ठेवतात. तुमची हसत उचलतील, सर.
मी म्हटलं, उचलू देत तर खरी.
तिने कॅलेंडर पुढे ओढलं. म्हणाली, गुरुवारी.
विजय! वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांशी असंच ठाम राहावं लागतं.

१८ मार्च, गुरुवार. रात्रीच्या जेवणाआधी.
नवा कोट घालून रेडिओसमोर बसलो. घरचा फोन मला लागणार म्हणून विनी मत द्यायला शेजारी गेर्टीकडे गेली. सात वाजले. लागली!

हे एरी, हे नील विशाला,
युगायुगांचा तू साथी,
मम श्वासांतुनि तुझाच सौरभ...

इथे रस्टीला जोराचा खोकला आला. स्टुडिओतली हवा कोंदट असते. पुढच्या ओळी त्या खोकल्यात बुडाल्या. मग फोन सुरू झाले. मी सारखा फिरवत होतो, पण लाइन लागेचना. माझं स्वतःचं एकही मत पडलं नाही.
हातोड्याचा आवाज फार स्वच्छ आला. तांत्रिक बाजू चांगली आहे त्यांची.
विनी परत आली. तुला लागला का फोन, म्हणून विचारलं. लागला की, म्हणाली, फोडा म्हणून सांगितलं. ठेवली असती तर मला रोज नाश्त्याला ऐकावी लागली असती, लेस्टर.
घरभेदी. उद्यापासून अबोला. (उद्या ती माझा आवडता मीटलोफ करणार आहे. परवापासून.)

२२ मार्च, सोमवार.
खळबळ! लोकांना माझी रेकॉर्ड परत हवी आहे. स्टेशनचा फोन थांबत नाही म्हणे. ती वासाची रेकॉर्ड पुन्हा लावा आणि पुन्हा फोडा, असं म्हणतात. बेकरीत दोन मुली नाक धरून माझी तिसरी ओळ म्हणत होत्या. सर्दीची साथ आहे. तरीही पाठांतर चोख! मी दुकानात विकायला ठेवलेल्या रेकॉर्डी संपल्या. पोरं आपापल्या अंगणात फोडतात. विकत घेतल्यावर ठेवायची की फोडायची, हा रसिकाचा प्रश्न.
दुपारी ओबरहोल्टचा फोन. लेस्टर, रोज एक फोडू, हातोडे विकणारा एक दुकानदार जाहिरात द्यायला तयार आहे, राहिलेली पेटी घेऊन ये. म्हटलं, उद्याच.
निश्चय: दुसरी कविता लिहायला घेणे. विषय, मॉमी नदी.

२३ मार्च, मंगळवार. दुपारी.
तिने बंद पाडलं! मालक तयार, जाहिरातदार तयार, मी पेटी उचलून हजर. बाई नाही म्हणाली. बाहेरच्या खोलीत, त्या सगळ्या टायवाल्यांसमोर मी ओरडलो, पुन्हा माझा घास काढून घेतेस, व्हर्ना! तिने मला आत घेतलं आणि दार लावलं.
म्हणाली, सर, ते कविता ऐकत नाहीत. तिसऱ्या ओळीची वाट बघत बसतात आणि मग हसतात. माझ्या स्टेशनवर रोज सातला तुमचं हसं मी होऊ देणार नाही. मिस्टर ओबरहोल्टना सांगितलंय, हवं असेल तर उद्यापासून दुसरी बाई बघा.
त्याने बघितली नाही. एवढा पुरुष, एवढा टॉवर, आणि एका दुकानवालीपुढे मान खाली.
पेटी तिनेच गाडीपर्यंत आणून दिली. मी आभार मानले नाहीत.

त्याच दिवशी, संध्याकाळी. सात वाजून गेलेत.
दुसऱ्या कुणाची तरी रेकॉर्ड लागली आहे. नुसता ढोल. लोक ‘ठेवा’ म्हणतायत. ठेवा बापडे.
विनीने विचारलं, काय म्हणाली रे ती? सांगितलं. विनीने माझ्या ताटात जास्तीचा बटाटा वाढला.
एक गोष्ट मात्र व्हर्नाने स्वतःच्या तोंडाने कबूल केली आहे. तिसऱ्या ओळीची वाट बघतात. म्हणजे पहिल्या दोन गप्प बसून ऐकतात.
एवढी वर्षं शिकवलं. पहिल्याच ओळीला सगळी पोरं मान वळवून घड्याळाकडे बघायची. तिसरीपर्यंत माझ्याबरोबर कुणी आलंच नव्हतं.