डोकं म्हणजे मासा नव्हे

५ नोव्हेंबर
आमच्या मांजरीला, नुरुंजीला, डॉक्टरीणबाईंकडे नेलं. खाजवून खाजवून मान पार उघडी पडलीय. निदान: खाण्याची अ‍ॅलर्जी. कोंबडी बंद, मासे बंद, दोन महिने फक्त सशाच्या मांसाचं पाकिटातलं खाणं. म्हटलं, डॉक्टर, निर्धास्त राहा, शिस्त माझ्या रक्तात आहे. ओकबुन (आमच्या बाईसाहेब) का हसली, कळलं नाही.

७ नोव्हेंबर, सकाळ
ओट्स भिजवलेल्या कोमट पाण्याने अंग पुसलं की खाज शमते म्हणे. पुसायला घेतलं. तिने माझं मनगट सोलून काढलं. एवढ्यात वरच्या मजल्यावरचा मेंग टपकला. रिटायर्ड बसड्रायव्हर, विधुर, रिकामटेकडा. त्याने तेच फडकं, तेच पाणी घेतलं, आणि ही बया त्याच्या मांडीवर पसरून घुरघुरायला लागली! वर मला म्हणतो, दादा, हात जरा हलका ठेवा. बस हाकणाऱ्याने मला शिकवावं?
मी जळतबिळत नाही. फक्त नोंद.

१० नोव्हेंबर
सारासाठी सुके मासे निवडायला बसलो. जमिनीवर पेपर, डोकी आणि पोटातली घाण पेपरावर, मासा डब्यात. नुरुंजी आली आणि गुडघ्याला अंग घासायला लागली. माझ्या! मेंगच्या नव्हे! डोळेच भरून आले. एक डोकं दिलं. बंदी माशावर आहे. डोकं म्हणजे मासा नव्हे, कचरा. डोकं कोणी सारात घालतं का?

१४ नोव्हेंबर
खाज वाढली. कारण उघड आहे: मेंग. चोरून काहीतरी चारतोय. पाळत ठेवणार.
नुरुंजी मात्र हल्ली माझी पाठ सोडत नाही. प्रेम, दुसरं काय! डोकी संपत आली. ओकबुनला म्हटलं, मासे आणखी आणू, मीच निवडतो. तर म्हणते, अहो, अख्ख्या संसारात लसणाची पाकळी सोलली नाहीत, आज काय अंगात आलं?

१९ नोव्हेंबर
कान रक्ताळलाय तिचा. बघवत नाही. मेंगला जिन्यात गाठून जाब विचारला. म्हणतो, शपथ दादा, मी पाणीसुद्धा वहिनींना विचारून देतो. साळसूद मेला! त्याला आमच्या घरात बंदी. नुरुंजीला धीर यावा म्हणून आज मूठभर डोकी.

२२ नोव्हेंबर
ओकबुनचा हुकूम: मांजर काही दिवस मेंगकडे. म्हणते, खाली सगळं करून पाहिलं, आता वर पाहू. निषेध म्हणून जेवलो नाही. नूडल्स खाल्ल्या, त्या धरत नाही.

३० नोव्हेंबर
खाज थांबली. मानेवर लव आलीय. दाखवायला नेलं, तर मेंगही बरोबर आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी वेगळं काय मिळत होतं? छातीठोकपणे सांगितलं, काही नाही. मासा तर नाहीच, फक्त डोकी. ओकबुन म्हणाली, डोकी वाटत बसलात, त्यापेक्षा स्वतःचं थोडं वापरायचं होतं. मेंग हसलासुद्धा नाही. ते जास्त झोंबलं.

२ डिसेंबर
साबणाने हात धुऊन वर गेलो. नुरुंजी धावत आली. माझ्याकडे! मेंगकडे ऐटीत पाहिलं. तिने हा हात हुंगला, तो हुंगला, बोटांच्या बेचक्यासुद्धा हुंगल्या. मग वळली आणि जाऊन त्याच्या मांडीवर बसली.
त्याचेही हात रिकामेच होते.